न उगवलेली साळ

अनंतकृष्णाने ओलं फडकं उलगडलं आणि तो बघतच राहिला. एकाही दाण्याला मोड नव्हता.

"बियाणें मेलें, भावजी. अक्काबरोबरच गेलें."

सेतुमाधवांनी नुसती मान हलवली. उद्या त्रिपुरसुंदरीचं वर्षश्राद्ध. रेल्वे पोलिसांत उभी हयात घालवलेल्या या माणसाने बायको गेल्यावर टिपूस गाळलं नव्हतं. जेवणात मीठ कमी की जास्त, तेही त्यांना वर्षभर कळलेलं नव्हतं.

मात्र एक वचन शिल्लक होतं. इस्पितळात जाण्याआधी तिने घेतलेलं. पितळी डब्यातली तिच्या माहेरची शेवटची साळ तंजावरकडे पुन्हा पेरायची. तेवढ्यासाठी तिचा धाकटा भाऊ अनंतकृष्ण तिरुवल्लिकेणीला त्यांच्या घरी चार दिवस आधीच आला होता.

आता तेही गेलं. याचंही वाईट वाटलं नाही, आणि वाटलं नाही म्हणून सेतुमाधव मनातून घाबरले.

हात मात्र जुन्या सवयीने चालला. त्यांनी डब्यातला एक कोरडा दाणा उचलून नखाने सोलला. आत पांढरं काही नव्हतं. पिवळट, कडक, काचेसारखा तांदूळ. त्यांनी वास घेतला.

"अनंता, ही उकडलेली साळ आहे."

उकडा तांदूळ करताना गिरणीत साळ टरफलासकट उकडून वाळवतात. वरून ती जशीच्या तशी दिसते. उगवत मात्र नाही. म्हणजे कोणीतरी डबा बदलला होता.

डब्याचं झाकण घट्ट होतं. साळीवर कडुनिंबाचा पाला नीट पसरलेला होता, अगदी त्रिपुरसुंदरी पसरायची तसा.

चौकशी त्यांनी चौकशीसारखी केलीच नाही. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला.

"नवी साळ आणायची तर कोठून आणूं?"

"गावांत शेतकऱ्याकडून," अनंतकृष्ण म्हणाला. "दुसरें कोठें मिळणार?"

"बियाण्याच्या दुकानांत," सून जननी स्वयंपाकघरातून म्हणाली.

मुलाने, मुरलीने, लॅपटॉपमधून डोकंही वर केलं नाही. "रेड हिल्सच्या राइस मिलबाहेर ढीग वाळत असतो, अप्पा. मागितली तर देतात."

दुपारी सेतुमाधवांनी तिघांना समोर बसवलं.

"चोर असता तर डबा रिकामा ठेवून गेला असता. याने भरून ठेवला, वर पाला घातला. त्याला या डब्याची माया होती. अनंता, तूं बदलली असतीस तर फडकें भिजवत बसला नसतास. जननी उकडा आणि साधा, दोन्ही तांदूळ रोज हाताळते. गिरणीचा उकडा ढीग ती बियाणें म्हणून आणणार नाही. साळ म्हणजे साळ, कुठलीही चालते, असें वाटणारा या घरांत एकच आहे." ते मुलाकडे वळले. "मुरली, कां केलेंस?"

मुरलीने लॅपटॉप मिटला.

"अम्मा कांहीं खात नव्हती, अप्पा. सगळें परत जायचें. मी साळ मिलवर सडून तांदूळ करून आणला. मिलवाला थोडकी घेईना, म्हणून सगळीच दिली. पेज केली, आणि तुम्ही अंघोळीला घरीं आलां तेव्हां तिला इस्पितळांत भरवली."

"तिने ओळखली?"

"पहिल्या चमच्याला. 'बियाणें शिजवलेंस रे गाढवा,' म्हणाली." मुरलीने मिटलेला लॅपटॉप बाजूला सारला. "मग भांडें रिकामें केलें. 'अप्पाला सांगूं नको, वचन देऊन बसलेत,' म्हणाली. मी डबा पुन्हा भरला."

अनंतकृष्णाने तोंड फिरवलं. सेतुमाधव मुरलीकडे वाकले.

"तो तांदूळ उरलाय?"

"फ्रिजमध्यें. छोटा डबा."

"उद्यां पिंडाला तोच. आत्तां मूठभर पेजेला टाक."

जननीने पेज आणली. सेतुमाधवांनी एक चमचा तोंडात घातला, आणि ते बराच वेळ गिळेनात.

"मीठ कमी झालेंय," ते म्हणाले, आणि वाटी हातात धरूनच ओक्साबोक्शी रडू लागले.