हातांना बातमी नाही

मी बाबांची बॅग न्यायला आले होते, एवढंच.

बाबांच्या खांद्याचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी वर्षभर गोल्फचं नावही काढू नका म्हणून बजावलं होतं. सरावाच्या मैदानावर पत्र्याची लांब शेड होती. तिच्याखाली माणसं ओळीने उभी राहून हिरव्या चटईवरून चेंडू मारत होती. पुढे नुसतं गवत, आणि दूरवर अंतरं दाखवणारे झेंडे. बाबांची बॅग एका कोपऱ्यात उभी होती. आसपास कुणी बघत नाहीसं पाहून मी तिच्यातली एक काठी काढली आणि चटईवरचा चेंडू मारला.

कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. चेंडू लंगडत लंगडत थोडा लांब गेला आणि बसला.

"टाचेला लागला."

खांबाला टेकून एक माणूस उभा होता. मैदानाकडे पाठ, माझ्याकडेही पाठ, हातात कागदी कप.

"कुणाच्या टाचेला?" मी विचारलं.

"काठीच्या. पात्याचा दांड्याजवळचा भाग. तुमच्या टाचा शाबूत असतील."

"तुम्ही तर बघतही नव्हता!"

"बघितलं की माणूस फसतो. दिसायला देखणी माणसं फार वाईट मारतात."

"हे कौतुक आहे की टोमणा?"

"मी अजून वळलेलो नाही," तो म्हणाला. "वळल्यावर सांगतो."

आणि वळला. सांगितलं मात्र काहीच नाही. फक्त कपातली थोडी कॉफी त्याच्या बुटावर सांडली.

घरी गेल्यावर बाबा हसले. "म्हणजे कानसेन भेटला तुला! तिथला कोच. पाठ करून उभा राहतो आणि नुसत्या आवाजावरून सांगतो, चेंडू कुठे लागला ते. तानसेन पैशाला पासरी मिळतात, बाई. कानसेन एखादाच." मग त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "आणि बॅग कुठे आहे?"

बॅग तिथेच राहिली होती.

मी ऑडिओलॉजिस्ट आहे. लोकांना किती ऐकू येतं हे तपासणं माझं काम. दिवसभर मी एका काचेच्या अलीकडे बसते, पलीकडच्या बंद खोलीत कानाला हेडफोन लावून कुणीतरी बसतं, आणि मी बारीक बारीक आवाज सोडत राहते. ऐकू आला की त्याने बटण दाबायचं. तेव्हा कानावर जगणाऱ्या माणसाबद्दल मला कुतूहल वाटलं, यात गैर काही नव्हतं. निदान पहिले काही आठवडे मी स्वतःला हेच सांगत होते. "बॅग आणायला पाठवलेली मुलगी तिकडेच राहायला गेली," असं बाबा शेजाऱ्यांना सांगत होते, ते वेगळं.

मी त्याच्या वर्गात नाव घातलं होतं. तो चांगला शिकवायचा. पाठ करून उभा राहायचा आणि एकेक शब्द टाकायचा. "टाच." "टोक." "जमीन आधी." म्हणजे पातं चेंडूच्या आधी चटईला लागलं. ते माझं नेहमीचंच होतं.

"आणि चांगला लागला की काय वाटतं?" मी एकदा विचारलं.

"काहीच नाही."

"असं कसं?"

"खरंच. हातांना बातमीच लागत नाही. चेंडू निघून गेलेला असतो, आणि हात विचारत राहतात... मारला का?"

मला ते लगेच पटलं. "कुठलीही काठी ठोकली की थरथरते," मी म्हणाले. "पण ठोकण्याची एक जागा अशी असते, की तिथे ठोकलं तर ती थरथर हाताकडे येतच नाही. सगळा जोर समोर जातो. मागे काही उरत नाही."

तो माझ्याकडे बघत राहिला. "तुमच्या शास्त्रात प्रेमाबद्दलही असंच काही असेल."

"आमच्या शास्त्रात प्रेम नाही."

"मग शिकलात कशाला इतकं?"

पाऊस आला की तो वर्ग बंद करायचा. पत्र्यावर पावसाचा ताशा सुरू झाला की म्हणायचा, "आता मला काही कळणार नाही." मग आम्ही शेडच्या टोकाच्या बाकावर बसायचो. समोरचं गवत काळपट हिरवं व्हायचं, झेंडे भिजून काठीला चिकटायचे, आणि मी बोलत असताना तो माझ्या ओठांकडे बघायचा. हलकेच, पण सतत. मी मान वळवली की तोही थोडा सरकायचा, पुन्हा समोर येईल असा. माझं बोलणं मध्येच अडायचं. "पुढे?" तो विचारायचा, आणि पुढे काय होतं ते मला आठवायचं नाही...

कुणी पेशंट पावसाच्या आवाजात माझ्या ओठांकडे असा बघत असता, तर मी पहिल्या मिनिटाला ओळखलं असतं. पण इथे मला दुसरंच काही ओळखायचं होतं.

मग तो फटका आला.

संध्याकाळ कोरडी होती. माझी चूक मला दिसावी म्हणून त्याने पात्यावर कागदाची पट्टी चिकटवून दिली होती; चेंडू जिथे लागेल तिथे तिच्यावर डाग उमटायचा. काठी मागे नेताना माझ्या मनात काही नव्हतं. दवाखाना नाही, बाबांचा खांदा नाही, तोही नाही. काठी खाली आली आणि... हात रिकामे. काही लागलंच नाही असं वाटलं. फक्त एक छोटा, स्वच्छ आवाज, पिकलेलं फळ देठापासून सुटावं तसा. मी मान वर केली तेव्हा चेंडू उंचावर होता, आणि उतरायची त्याला काही घाई नव्हती. माझ्या पोटातून काहीतरी हलकं वर चढत गेलं. एवढंसं सुख, पण त्याला कुठेही डाग नव्हता. पदवी मिळाली तेव्हाही मला इतकं निखळ काही वाटलं नव्हतं.

मी त्याच्या पाठीकडे बघितलं. आता वळेल. आता हसेल.

"जमीन आधी," तो म्हणाला. "पुन्हा."

मी पात्याकडे पाहिलं. पट्टीवरचा डाग बरोबर मधोमध होता.

माझं शिक्षण माझ्या नकळत कामाला लागलं. जमिनीला लागलेल्या फटक्याचा आवाज जाड असतो. चांगल्या फटक्याच्या आवाजाला वर एक बारीक, धारदार टोक असतं. ते टोकच ज्याला ऐकू येत नाही, त्याला दोन्ही फटके सारखेच. आणि बारीक आवाज जातात तेव्हा नुसते फटके जात नाहीत. बोलण्यातले स, श, फ जातात. पावसात तर सगळंच जातं. मग माणूस ओठ बघतो.

मी पट्टी सोलून पर्समध्ये ठेवली आणि घरी आले.

"काय झालं?" बाबांनी विचारलं.

"चांगला लागला. अगदी मधोमध."

"मग तोंड का असं, परीक्षेत नापास झाल्यासारखं?"

मी सांगितलं. त्याच्या वर्गातल्या एका लांब वेणीच्या शाळकरी मुलीबद्दलही सांगितलं. ती स्पर्धेची तयारी करत होती आणि फार सुरेख मारायची. गेला महिनाभर तो तिला "जमीन आधी, जमीन आधी" म्हणत होता, आणि ती बिचारी उभं राहणं बदलत होती, हात बदलत होती, आणि आता तिचा फटका खरोखरच बिघडला होता.

बाबांनी दुखरा खांदा हलक्या हाताने चोळला. "तू गप्प बसलीस तर तो कानसेन राहील," ते म्हणाले. "पण त्या पोरीचं काय? आणि त्याला आतून कळलं नसेल, असं वाटतं तुला?"

"तो मला पुन्हा तोंड दाखवणार नाही, बाबा."

"न दाखवो," ते म्हणाले, आणि मग जरा थांबून, "दाखवेल."

दुसऱ्या दिवशी सगळे गेल्यावर मी त्याच्यासमोर उभी राहिले. त्याला माझे ओठ दिसतील अशी. पट्टी दाखवली. जे कळलं होतं ते सरळ सांगितलं. आडवळणाने कसं सांगतात, ते मला कधी जमलेलं नाही.

त्याने पट्टीवरच्या डागावरून अंगठा फिरवला.

"म्हणजे इतके दिवस तुम्ही मला तपासत होता."

"नाही. तपासत असते तर पहिल्याच पावसात कळलं असतं."

"मग काय करत होता?"

मी पट्टीची घडी घालू लागले. त्याने वाट पाहिली. मग कप मुठीत चुरगळून टोपलीत टाकला, शेडचे दिवे एकामागून एक बंद केले आणि निघून गेला.

वर्ग बंद झाले. मी कामावर जात राहिले, आवाज सोडत राहिले. एक आजोबा मला म्हणाले, "पोरी, तूच ऐकत नाहीयेस. मी कधीचा बटण दाबतोय." खरं होतं.

आणि मग एका सकाळी तो आला. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला. पहिल्या दिवशी शाळेत आणून सोडलेल्या मुलासारखा दारात उभा.

"मला तपासा," तो म्हणाला.

"मी नाही तपासणार. आमच्या ताई तपासतील. माझ्यापेक्षा अनुभवी आहेत."

त्याचा चेहरा उतरला. "रागावलात?"

"नाही." मी टेबलावरचं पेन सरळ केलं. ते आधीच सरळ होतं. "आमच्याकडे एक पद्धत आहे. आपल्या माणसाला आपण तपासायचं नाही. त्याला ऐकू यावं असं आपल्याला... फार वाटत असतं. आवाज सोडताना आपला श्वास अडतो, मान हलते. काचेतून त्याला ते दिसतं, आणि तो आवाज ऐकून नाही, आपल्याला बघून बटण दाबतो. मग रिपोर्ट खोटा निघतो."

तो माझ्या ओठांकडे बघत होता.

"पुन्हा सांगा," तो म्हणाला.

"ऐकू नाही आलं?"

"आलं. म्हणूनच."

आतल्या दारातून ताईंचा आवाज आला. "झालं असेल तर पाठव त्याला. आणि तू काचेजवळ फिरकायचं नाहीस, सांगून ठेवते!"

मी बाहेरच्या बाकावर बसले. दुसऱ्यांच्या घरची माणसं ज्या बाकावर बसतात, त्यावर. तिथून भिंत फार जवळ दिसते, हे मला तेव्हा कळलं.

ताईंनी आलेख आमच्या दोघांपुढे ठेवला. जाड आवाजांपर्यंत रेघ सपाट होती, आणि पुढे घसरगुंडीसारखी खाली गेली होती. "पत्र्याखाली उभं राहून वर्षानुवर्षं त्या मोठ्या काठ्यांची ठणठण ऐकलीस ना," त्या म्हणाल्या. "ज्याने पोटाला घातलं त्यानेच कान खाल्ले. गेलं ते परत यायचं नाही. उरलंय ते सांभाळू. दोन्ही कानांना मशीन लावू."

"चांगला फटका पुन्हा ऐकू येईल?" त्याने विचारलं.

ताईंनी कधी कुणाला खोटा धीर दिलेला मी पाहिलेला नाही. "येईल," त्या म्हणाल्या. "पण तो तुझ्या ओळखीचा आवाज असेल असं नाही. नव्याने ओळख करून घ्यावी लागेल."

त्याने मान डोलावली. डोळे मात्र पुसले नाहीत, आणि मी दुसरीकडे बघितलं नाही.

पुढच्या आठवड्यात वर्ग पुन्हा सुरू झाले. सगळ्यांसमोर तो त्या वेणीवाल्या मुलीला म्हणाला, "तुझं बरोबर होतं. माझं चुकत होतं. आधी जशी उभी राहायचीस तशी राहा." ती गोंधळली, मग हसली, आणि असा काही फटका मारला की शेजारची माणसं हात थांबवून बघत राहिली. तो तिच्याकडे तोंड करून उभा होता. नवीन मशीनवर हात ठेवत म्हणाला, "काच तडकल्यासारखं वाटतं अजून. होईल सवय."

सगळे गेल्यावर मी काठी घेतली. तो नेहमीच्या खांबाजवळ गेला, कानांतली मशीनं काढून खिशात ठेवली, आणि पाठ न करता, खांबाला टेकून माझ्याकडे तोंड करून उभा राहिला.

"असं बघितलं तर मला जमणार नाही," मी म्हणाले. "आणि बघितलं की माणूस फसतो ना?"

माझे ओठ थांबेपर्यंत तो थांबला. "बाकीच्या माणसांचं सांगितलं होतं ते."

"पावसात बघायचात ते फक्त ऐकण्यासाठी?"

"सुरुवात तेवढ्यासाठीच झाली होती," तो म्हणाला. "मार आता."

मार. पहिल्यांदाच. मी काठी मागे नेली. डोक्यात खूप काही होतं, आणि काठी खाली येईपर्यंत ते सगळं कुठेतरी गेलं.

हात रिकामे.

"मधोमध," तो म्हणाला.

"ऐकू आलं?"

"नाही."

"मग कशावरून?"

"चुकला की फटका तुझ्या तोंडावर येतो. ओठ आवळतेस, भुवई चढते." तो खांब सोडून पुढे आला. "आत्ता काहीच झालं नाही. चेहरा नुसता... शांत."

त्याने माझ्या हातातली काठी काढून घेतली आणि खांबाला टेकवली.

चेंडू कुठे पडला, ते आम्ही दोघांनीही पाहिलं नाही.