काडी लावलेला सूर

यंदाच्या पौष अमावास्येची रात्र, रविवार. जिची ही गोष्ट, त्या रोहिणीच्या कार्यक्रमांना साऊंड आपल्याच दुकानातून भाड्याने जायचा. हसायचं तर आत्ताच हसून घ्या. छाया, मोबाइल ठेव खाली.

नाशिकच्या इंदिरानगरची रोहिणी आणि दिंडोरीचा ओम, दोघांचा ‘रातकिडे’ नावाचा बँड. तिचा गळा, त्याचा सिंथ, म्हणजे हवा तो आवाज काढणारा इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड. खाली इलेक्ट्रोचा ठोका, वर न्यू वेव्हच्या जुन्या वळणाची चाल, आणि मागे डोकं गरगरवणारा एकच लांब सूर. तो सूर धरून ठेवायची युक्ती ओमची. द्राक्षाची वाळकी काडी पट्टीच्या फटीत खोचायची. पट्टी दाबलेली राहते, हात मोकळे.

द्राक्षबागेच्या ऑक्टोबर छाटणीत ओम गेला. बागेतल्या खोलीत रात्री वाजवता वाजवता हृदय बंद पडलं. सूर सकाळपर्यंत चालू होता. बाहेर अंगणात त्याचे वडील, सहादूआण्णा, तो ऐकत होते. पोरगं काम करतंय म्हणून निवांत झोपले.

या अमावास्येनंतरच्या शनिवारी पुण्यात कार्यक्रम होता. रोहिणीने ओमच्या जागी साई नावाचा मुलगा ठरवला होता. सगळे आवाज त्या सिंथमध्येच, म्हणून ती तो आणायला त्या रविवारी संध्याकाळी दिंडोरीला गेली. आण्णांनी अडवलं नाही. एवढंच म्हणाले, “काडी तेवढी काढू नको, पोरी.”

म्हाताऱ्या माणसांचं असलं काही ऐकलं की तिचं डोकं फिरायचं.

“आण्णा, वायर काढलीये. बंद मशीनला काडी कशाला?”

तिने काडी उपसली आणि अंधारात भिरकावली. आण्णा वाकून ती शोधत राहिले. ती गाडी काढून निघाली.

वाटेतलं ढकांबं गाव मागे पडलं आणि मागच्या सीटवरून सूर आला.

तिला वाटलं, रेडिओ. रेडिओ बंद होता. तिने गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं. सूर चालूच. सिंथला हात लावला. थंडगार. वायरी सगळ्या डिकीत.

घरी जिना चढताना सूर थांबला. तिने सिंथ टेबलावर ठेवला, स्वतःलाच दोन शिव्या घातल्या आणि साईला फोन लावला. उद्यापासून तालमीला ये म्हणून सांगितलं.

फोन ठेवला…

सूर.

एक पट्टी खाली गेलेली. तिने नखाने वर उचलली. पट्टी पुन्हा खाली गेली. सावकाश. आपली जागा ठाऊक असलेल्या बोटाखाली जावी तशी.

तिने आण्णांना फोन केला. “आण्णा…”

“वाजतंय?”

तिने फोन सिंथजवळ धरला. पलीकडून आण्णा म्हणाले, “झोप आता. काम चालू हाय त्याचं.”

तिने आतल्या खोलीत जाऊन दाराला कडी घातली. रात्रभर उघडली नाही.

उजाडता उजाडता सूर थांबला. ती बाहेर आली. पट्टीच्या फटीत काडी होती.

वाळकी नव्हती. हिरवी, नुकती कापलेली. जानेवारीत बागेत घड लटकत असतात, काडीला कात्री कोण लावतं?

ऑक्टोबरात कापल्यावर वेलीला सुटतं, तसं त्या काडीतून पाणी टपकत होतं.