डावीकडचं हसू

चित्रविज्ञान प्रयोगशाळेत कुमुद नाईकवडी आल्या त्या भांडायलाच. शाळेत भूगोल शिकवणाऱ्या या बाईंनी नवऱ्याचे दोन फोटो डॉ. सुधन्वा पाटसकरांच्या टेबलावर आपटले. अर्धांगवायूनंतर दिगंबररावांचं तोंड डावीकडे ओढलं गेलं होतं. देशातल्या प्रत्येक नव्या कॅमेऱ्यात बसवलेला चित्रसुधारक मात्र ते सरळ करून टाकायचा.

"ओळखपत्रावर, भाच्याच्या लग्नात, सगळीकडे हा परका माणूस! यांनी हसणंच सोडलंय, डॉक्टर. म्हणतात, माझं तोंडच चुकलंय."

"बाई, चित्रसुधारक कुणाचा वैरी नाही," पाटसकर म्हणाले. "चेहरा कसा असावा हे आम्ही त्याला शिकवलेलं नाही. लोक जो फोटो रेंगाळून बघतात तो बरोबर, एवढाच त्याचा नियम. नजर किती वेळ टिकली ते प्रत्येक पडदा मोजतो. वाकडं तोंड दिसलं की लोक फोटो पुढे सरकवतात."

"म्हणजे लोक थांबून बघायला लागले तर तो शिकेल?"

"शिकेल की! पण बघणार कोण?" पाटसकर हसले.

ते हसणं बाईंना झोंबलं. सुधारक यायच्या आधीचा जुना कॅमेरा त्यांनी कपाटातून काढला. पहिले फोटो म्हणजे आनंदच होता. कुठे अंधार, कुठे हललेला हात, कुठे नवऱ्याचं कपाळच गायब. मग त्या हौशी छायाचित्रकार मंडळात जाऊ लागल्या. तिथली रीत कडक होती. फोटो भिंतीवर लागला की काढणाऱ्याने तोंड उघडायचं नाही, नुसतं ऐकायचं.

"तुम्ही या माणसाची कीव करताय," एक सभासद म्हणाले. "फोटोत तेवढंच दिसतंय."

अख्खा वर्ग गप्प करणाऱ्या बाईंनी ते निमूट ऐकलं. घरी येऊन भांडी आदळली. राग आला होता, कारण ते खरं होतं.

मग त्या खिडकीचा उजेड एका बाजूने घेऊ लागल्या. दोन पावलं जवळ गेल्या. 'हसा' म्हणणं बंद केलं आणि पूर्वीसारखं नवऱ्याशी भांडणं सुरू केलं.

"अहो, पोह्यात एवढं मीठ? माझ्यावरचा राग पोह्यांवर काढलात का?"

दिगंबररावांना हसू आवरेना. तोंड पार डावीकडे गेलं, डोळे मिटले, आणि बाईंनी बटण दाबलं.

तो फोटो त्यांनी इंटरनेटवर टाकला. लोक थांबले. बघत राहिले, एकमेकांना पाठवत राहिले. आजवर इतका वेळ कुठलाच चेहरा बघितला गेला नव्हता.

महिन्याभरात पाटसकर धापा टाकत त्यांच्या दारात उभे राहिले.

"बाई, तो फोटो काढून टाका! देशभर प्रत्येक हसरा चेहरा डावीकडे वाकडा येतोय. नवरानवरी, मंत्री, सगळे!"

"काढला तर तुमचा सुधारक विसरेल?"

"नाही. शिकलेलं तो विसरत नाही." पाटसकरांनी मोबाइल पुढे केला. पडद्यावर तान्हं बाळ होतं, तोंड वाकडं करून हसणारं. "ही माझी नात नाही हो," ते म्हणाले.

बाईंना त्यांची दया आली. पण माघार घ्यायची त्यांची तयारी नव्हती.

"मग बंद करा सुधारक."

"बंद केला तर जो तो जसा आहे तसाच दिसेल! लोक चिडतील."

"चिडू देत. मग फोटो काढायला शिकतील. मी नाही शिकले?"