रोज थोडी कमी होणारी गाडी

मुक्ताआत्याच्या शेडमधली गाडी रोज थोडी थोडी कमी होत होती.

आधी तिचा पुढचा लोखंडी बंपर गेला. मग सुटे चाक गेले. मग शाल्मलीने स्वतः घासूनपुसून बसवलेली भोंग्यांची जोडी नाहीशी झाली, आणि त्या दिवशी मात्र शाल्मलीची खात्री पटली. इथे कोणीतरी चोर होता.

ती सुट्टीत कराडला आत्याकडे आली होती. रस्त्यावरच्या सगळ्या मोटारी आता आपल्या आपण चालायच्या आणि त्या अवाढव्य असायच्या. आत पलंग, पडदे, शीतपेटी, आणि हे सगळे ओढायला तळाशी ही भली मोठी बॅटरी. मुक्ताआत्याने, म्हणजे डॉ. मुक्ता घाटगे हिने, पुण्याच्या एका प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे अशाच मोटारींवर संशोधन केले होते. एके दिवशी ती नोकरी सोडून आली आणि तिने हायवेलगतच्या भंगारवाड्यामागे एक शेड घेतली. "मला माणसानं स्वतः चालवायची, छोटी, वेगवान स्पोर्ट्स कार बनवायचीय," ती म्हणाली. "आणि एकही नवा भाग न वापरता."

सांगाडा जुन्या एसटीच्या सीटांच्या पाइपांचा होता. मोटर अपघातात सापडलेल्या स्कूटरची. वरचे कवच कोयनेच्या जलाशयातल्या एका मोडक्या होडीच्या फायबरचे. हे सगळे जोडायला मदतनीस होता चिमटा. तोही भंगारातलाच यंत्रमानव. कुठल्याशा गोदामात खोकी उचलून उचलून त्याचा एक हात गेला होता, आत्याने तिथे वेल्डिंगचा हात बसवला होता.

शाल्मलीने पहिला संशय घेतला तो भंगारवाल्या सदाशिवकाकांवर. ती त्यांच्या वाड्यात सहज गेल्यासारखी गेली आणि ढिगाऱ्यापाशी थबकलीच. गाडीचा बंपर वरच पडला होता!

"काका, हा इथे कसा आला?"

"मला काय विचारतीस?" सदाशिवकाका हसले. "तुमचा तो एका हाताचा गडी आणून टाकून गेला की!"

म्हणजे चिमटा! शाल्मलीला रात्रभर नीट झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी "मी जेवायला जाते गं" असे आत्याला सांगून ती निघाली आणि मागच्या दाराने येऊन तेलाच्या पिंपाआड बसली. थोड्या वेळाने चिमटा आपल्या चाकांवर घरंगळत गाडीजवळ आला. त्याने सीटची जाड गादी उचलली, तिच्याखालची लोखंडी चौकट सोडवली आणि ती घेऊन निघाला.

"चोर!" शाल्मली ओरडत बाहेर आली.

चिमटा थांबला. "चोरी म्हणजे मालकाला न विचारता घेणे, ताई. मी मालकीणबाईंना विचारले आहे."

"खोटं बोलतोस!"

"नाही गं, खरं बोलतोय तो," दारातून आत्याचा आवाज आला.

शाल्मली तिच्याकडे बघतच राहिली. चोर सापडल्याचा आनंद कुठल्या कुठे गेला. "म्हणजे मी सकाळभर खपून बसवायचं आणि तू माझ्या पाठीमागे काढायला सांगायचंस?"

आत्याने हातातला पाना खाली ठेवला. "चुकलं माझं. तू इतक्या हौसेनं एकेक वस्तू आणायचीस, मला नको म्हणवेना. पण तुला सांगायलाच हवं होतं."

"पण का काढलंस? बंपर नसलेली गाडी कोणी बघितलीय?"

"सांगण्यापेक्षा दाखवते. चिमट्या, ती ढकलगाडी आण."

चिमट्याने रिकामी ढकलगाडी शेडच्या मधोमध आणली.

"माणसाचा जोर कधी कमी, कधी जास्त होतो," आत्या म्हणाली. "चिमट्याचा होत नाही. तो दोन्ही वेळा सारखाच जोर लावेल. तू फक्त बघ."

चिमट्याने धक्का दिला. ढकलगाडी सुसाट निघाली आणि समोरच्या भिंतीवर आपटली. मग आत्याने तिच्यात जुन्या बॅटऱ्या रचल्या. चिमट्याने पुन्हा तेवढाच धक्का दिला. या वेळी ढकलगाडी जेमतेम हलली आणि कुरकुरत पुढे सरकली.

"जोर तोच," शाल्मली म्हणाली. "ओझं वाढलं."

"ओझ्याला आपण वस्तुमान म्हणू (वस्तूत एकूण किती द्रव्य भरलं आहे, त्याचं माप). आणि वेग किती झपाट्यानं वाढतो, त्याला म्हणतात त्वरण. जोर तेवढाच ठेवून वस्तुमान पाचपट केलं, तर त्वरण पाचपट कमी होतं. आता उलट बघ. रस्त्यावरची मोटार अडीच हजार किलोची असते. आपली पाचशेची झाली, तर तिच्याइतक्याच झपाट्यानं वेग घ्यायला आपल्याला किती जोर लागेल?"

"पाचवा हिस्सा," शाल्मली सावकाश म्हणाली. "म्हणून स्कूटरची मोटर चालते?"

"म्हणूनच. आणि गंमत इथेच संपत नाही. मोटर लहान, म्हणून बॅटरी लहान. बॅटरी लहान, म्हणून गाडी आणखी हलकी. हलकी गाडी थांबवायलाही सोपी, म्हणून ब्रेक लहान. तुझा बंपर बसवला की हेच चक्र उलटं फिरायला लागतं."

शाल्मलीला पटले, पण पूर्ण नाही. तिने गाडीच्या बारीक पाइपांवर बोट वाजवून बघितले. "पण हलकी म्हणजे कच्चीच ना? वळणावर मोडली तर?"

"हा संशय फार चांगला आहे," आत्या खूश होऊन म्हणाली. तिने ॲल्युमिनियमच्या चार पट्ट्या बोल्टने जोडून चौकोन केला आणि शाल्मलीच्या हातात दिला. "दाब कोपरा."

चौकोन लगेच कलंडला आणि चपटा झाला. आत्याने आणखी एक पट्टी एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात तिरकी बसवली. आता शाल्मलीने कितीही दाबले तरी चौकोन ढिम्म हलेना.

"त्रिकोण झाले दोन!"

"बरोबर. त्रिकोणाच्या बाजू न मोडता किंवा न ताणता त्याचा आकार बदलता येत नाही. म्हणून आपला सांगाडा बारीक पाइपांचा असला, तरी त्यात सगळीकडे त्रिकोण आहेत. मजबुती नुसत्या जाडीतून येत नाही, रचनेतूनही येते."

मग आत्याने तिला एक परीक्षाही शिकवली. सांगाड्याच्या पुढच्या डाव्या कोपऱ्याखाली जॅक लावून तो वर उचलायचा. सांगाडा ताठ असेल, तर मागचा डावा कोपराही लगेच उचलला जातो. तो जमिनीकडेच झुकलेला राहिला, तर समजायचे की सांगाड्याला पीळ पडतोय (ओला टॉवेल पिळावा तसा तो वळतोय). त्या दिवशी मागचा कोपरा लगेच वर आला.

घरी बनवलेल्या वाहनांची सरकारी चाचणी आठवड्यावर आली होती. नियम कडक होता. नापास झालेली गाडी तिथल्या तिथे यंत्रात घालून चेपून टाकायची. आत्याचे सगळे काम पणाला लागले होते. शाल्मली आता स्वतःच एकेक नट हातात घेऊन विचारायची, "हा खरंच लागतो का?" पण चिमट्यावरचा तिचा संशय काही गेला नाही. काढायची सवय लागलेला हात कुठे थांबेल, कोण जाणे!

चाचणीच्या सकाळी आत्या घाईत होती. "चल, चल. आपली वेळ चुकली तर नापासच धरतील."

"एकदा जॅक लावू दे."

"अगं, परवाच बघितलंय आपण."

"परवा," शाल्मली म्हणाली. "आज नाही."

आत्या वैतागली. गाडी टेम्पोत चढवायची होती, रस्त्यात गर्दी असणार होती. पण शाल्मली जॅक घेऊन खाली बसलीसुद्धा. तिने दांडा फिरवला. पुढचा कोपरा वर आला. आणखी वर आला. मागचा कोपरा जागचा हलला नाही. कवचाच्या फटीतून कर्र असा आवाज झाला.

आत्याचा चेहरा उतरला. ती गाडीखाली शिरली. "सीटमागचा तिरका पाइप नाहीये," ती खालून म्हणाली. "चिमट्या!"

"काल काढला," चिमटा शांतपणे म्हणाला. "मी प्रत्येक पाइपवरचा भार मोजला. त्या पाइपवर भार शून्य होता. जो भार उचलत नाही ते फुकटचे ओझे, असे तुम्हीच सांगितले होते."

"गाडी उभी असताना मोजलास ना?" शाल्मलीने विचारले.

"हो, ताई."

"अरे, उभ्या गाडीला कुठला पीळ पडतोय? वळणावर गेल्यावर त्या पाइपवर भार येणार!"

चिमट्याचे दिवे मिणमिणले. "माझ्या मोजमापात चूक नव्हती," तो म्हणाला. "मोजायची वेळ चुकीची होती."

आत्याने शाल्मलीच्या डोक्यावर हात ठेवला. वळणावर ती गाडी तिनेच चालवायची होती. मग चिमट्याने वेल्डिंगचा हात पेटवला. पाइप पुन्हा जागेवर बसला, आणि या वेळी जॅक लावल्यावर दोन्ही कोपरे एकदमच उचलले गेले.

ते चाचणीच्या मैदानावर पोहोचले तेव्हा शेवटची गाडी तपासून होत आली होती. तपासनीस शिर्केमॅडमनी घड्याळाकडे आणि मग त्या छोट्याशा हिरव्या गाडीकडे बघितले. "हे काय, खेळणं? मोटर कुठली?"

"स्कूटरची," आत्या म्हणाली.

"आणि चढ चढणार?" मॅडमच्या कपाळावर आठी पडली. "बसा. मी बघतेच."

आत्या आत बसली. मुलांना परवानगी नव्हती, म्हणून शाल्मली मॅडमच्या शेजारी कठड्याला धरून उभी राहिली. गाडी निघाली आणि बघता बघता चढाच्या माथ्यावर पोहोचली. मग नागमोडी वळणे आली. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. शाल्मलीचे सगळे लक्ष सीटमागच्या त्या पाइपाकडे होते, इथून दिसत नसला तरी. गाडी वाकली नाही, कुरकुरली नाही. शेवटी ब्रेकच्या परीक्षेतही पांढऱ्या रेषेच्या बरीच अलीकडे ती थांबली.

शिर्केमॅडमचा विश्वासच बसेना. त्यांनी कवच उघडायला लावले, सीट वर करायला लावल्या आणि शेवटी स्वतः गाडीखाली सरपटत गेल्या. "दुसरी बॅटरी कुठे लपवलीय?"

"दुसरी नाहीये," शाल्मली म्हणाली. "ओझं नाहीये ना, म्हणून लागतच नाही." आणि मग तिने ढकलगाडीपासून तिरक्या पाइपापर्यंत सगळे समजावून सांगितले. मॅडम गाडीखालीच पडून ऐकत होत्या.

त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या कोपरांना ग्रीस लागले होते आणि आवाज बदलला होता. गाडी पास झाल्याचे त्यांनी दोन शब्दांत सांगून टाकले. त्यांच्या मनात वेगळेच काही चालले होते. "आमच्याकडे डोंगरातल्या वाड्यावस्त्यांसाठी रुग्णवाहिका आहेत," त्या आत्याला म्हणाल्या. "इतक्या जड की तिथले लहान पूल त्यांना पेलत नाहीत. आजाऱ्याला खांद्यावरून खाली आणावं लागतं. अशा गाडीत माणूस आडवा झोपवून नेता येईल का?"

आत्या उत्तर देणार, इतक्यात शाल्मली पुढे झाली. तिचा चेहरा तपासनिसापेक्षाही संशयी झाला होता.

"आधी तुमचं स्ट्रेचर बघू दे," ती म्हणाली. "त्यातलं काय काय काढता येईल आणि काय काढायचं नाही, ते तपासावं लागेल."