भात्याची खोली

हे कोणालाच खरं वाटणार नाही, तरी सांगतो. ऑर्गनचा भाता एका दमात तासभर मारणारा माणूस आपल्या जिल्ह्यात माझ्याशिवाय दुसरा नाही.

दर जानेवारीत आमच्याकडे जुन्या इमारतींमध्ये तीनशे वर्षांपूर्वीचं युरोपी संगीत वाजतं. एक दिवस जुन्या कचेरीत, एक दिवस किल्ल्याच्या पायथ्याशी, शेवटचा दिवस बोदलकसा तलावाच्या वाटेवरच्या चर्चमध्ये. तिथला पाइप ऑर्गन हवेवर बोलतो. पुढे वाजवणारा बसतो. मागच्या कोंदट खोलीत एक माणूस लाकडी दांडा वर-खाली करून भात्यात हवा भरतो. तो मी, दुधराम. दोरीला शिशाचा गोळा टांगलेला असतो. गोळा खाली, तर भाता भरलेला. वर चढू लागला, की हवा संपत आली.

गेल्या साली महोत्सव भरवणाऱ्या भूमिका मॅडम शेवटच्या दिवशी दुपारीच येऊन म्हणाल्या, "दुधरामजी, दोन वर्षं ऑर्गन मध्येच बंद पडला. आज पडला तर सगळा महोत्सव नागपूरला जाईल. कायमचं."

"आपण दांडा सोडत नाही," मी म्हटलं.

चार वाजता पुढे ऑर्गनवर बसलेल्या हिमांशूनं वाजवायला घेतलं. पहिलीच गत, म्हणजे पहिला तुकडा, चालू असताना दांडा हलका झाला. वाटलं, हात बसला. घाम पुसायला थांबलो. गोळा वर चढायला हवा होता.

तो बोटभर खाली उतरला.

मी दांडा पुन्हा धरला. माझ्या मुठीखालचं लाकूड कोमट होतं, आत्ताच कोणी हात काढल्यासारखं. तलाव आटल्यावर गाळाचा येतो तसा वास आला. शेजारी कोणीतरी नाकानं श्वास घेत होतं, दांड्याच्या ठेक्यावर. मी थांबलो, तरी तो थांबेना.

"मंग पळाले काऊन नाई?" मनिरामनं विचारलं. तो माझ्या ओसरीवर चहा पीत हे सगळं ऐकत बसला होता. बाजूला माझी बायको रुख्मा सुपात लाखोळीची डाळ निवडत होती.

"पळून जातो तर महोत्सव राहिला असता काय बे?"

दुसरी गत झाली. तिसरी झाली.

आता दांडाच माझे हात ओढत होता.

श्वास कानापाशी आला.

मी मान वळवली नाही.

पाचवी गत संपली, टाळ्या पडल्या. महोत्सव इथेच राहिला. काल मॅडमचा फोन आला. सांगून टाकलं, यंदाही भाता मीच मारणार.

रुख्मानं सूप खाली ठेवलं.

"कायले फेकून राहिले जी? पहिलं गाणं सरायच्या आंधीच तुमी पळत बाहेर आले. सारं होतवरी चिंचेखाली माझा हात धरून बसले. त्या खोलीले एकच दार, ते आपल्यासमोर. बाजा काई थांबला नाई." तिनं सूप पुन्हा मांडीवर घेतलं. "टाळ्या झाल्यावर मी मुद्दाम पाहत बसली. आतून कोणी निघालं नाई."