रबर सोमवारी लावते

परवीन शाळेच्या खिडकीला ग्रिल बसवत होती आणि वरून डबा आला.

आधी खण्ण असा आवाज झाला, मग पायाशी काहीतरी आदळलं, आणि तिनं मान वर करेपर्यंत उजव्या बाहीपासून ओढणीच्या टोकापर्यंत ती निळी झाली होती.

“लागलं का? अहो… लागलं का?”

शिडीवरून एक उंच, सडसडीत तरुण दोन-दोन पायऱ्या सोडत खाली उतरला. त्याच्या कानाला हिरवा ठिपका होता, भुवईवर पिवळा. खिडकीशेजारच्या भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा अर्धा रंगवलेला होता.

“लागलं न्हाय,” परवीन ओढणी झटकत म्हणाली. “पण हे काय हाय?”

“अरबी समुद्र.”

“काय?”

“म्हंजे… तुमच्या वढणीवर. अरबी समुद्राचा रंग हाय त्यो.” बोलून झाल्यावर त्याचं त्यालाच कसंतरी वाटलं असावं. तो जीभ चावून उभा राहिला. “धुतल्यावर जाईल. बहुतेक.”

रागवायचं होतं तिला. पण जानेवारीच्या कोवळ्या उन्हात तो इतका घाबरून उभा होता, की तिला हसूच आलं.

त्याचं नाव हैदर. इंदापूरचा. झेडपीच्या शाळांच्या बोलक्या भिंती रंगवायचा – पाढे, बाराखडी, फळं, नकाशे. आणि परवीन बारामतीच्या बशीरभाईंची मुलगी. इंदापूर रस्त्याला त्यांचं ग्रिल-दरवाज्यांचं दुकान होतं. वेल्डिंगच्या उजेडानं अब्बांचे डोळे दुखायला लागले तसा परवीननं हातात होल्डर घेतला तो घेतलाच. लासुर्ण्याच्या या शाळेत दोघं एकाच दिवशी कामाला आले, एवढाच काय तो योग.

डबा कशाला अडकवला होता ते तिनं जाऊन पाहिलं. वाकवलेली तार! वारा आला की डबा डुलणार, आणि ब्रश खिशात उलटे.

“हे असं करता तुमी रोज?”

“मग? दोन हातांत काय काय धरू?”

“शिडीला आवळून बसवायचा एक क्लॅम्प करून देते मी,” ती म्हणाली. “एका बाजूनं शिडीचा पाइप पकडंल, दुसऱ्या बाजूला डब्यासाठी कडं. ब्रशाला भोकं, फडक्याला आकडा. हातानं नट फिरवला की घट्ट.”

“मला करून देताल?”

“नाहीतर परत कुणाच्यातरी अंगावर समुद्र पडायचा.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो मोटारसायकलवरून बारामतीला आला, शिडीच्या पाइपाचं माप घेऊन. त्याच्या पुढच्या दिवशी पुन्हा. म्हणे माप चुकलं होतं.

“पाइप कसा चुकंल? गोल हाय न्हवं त्यो?”

“गोलच हाय. पण वर जरा… कमी गोल हाय.”

अब्बा कोपऱ्यात खुर्चीवर बसून खोकले. परवीननं काळा चष्मा डोळ्यांवर ओढला आणि ठिणग्या उडवायला सुरुवात केली, म्हणजे चेहरा दिसायला नको.

क्लॅम्प शनिवारी तयार झाला. कामच सुरेख झालं होतं. कड्याला लाल ऑक्साइड, नटाला तेलाचा थेंब. फक्त शिडी पकडणाऱ्या जबड्याच्या आतल्या बाजूला रबर लावायचं राहिलं होतं. ॲल्युमिनियमची शिडी गुळगुळीत, तिच्यावर नुसतं लोखंड धरत नाही, हे परवीनला पक्कं ठाऊक होतं. जुन्या ट्यूबचं रबर कापूनही ठेवलं होतं तिनं. ते ड्रॉवरमध्ये होतं. हाताच्या अंतरावर.

हैदर क्लॅम्प हातात घेऊन उलटासुलटा बघत होता. “आता काम झालं म्हणायचं,” तो म्हणाला. म्हणाला खरा, पण त्याचा आवाज उतरला होता.

काम झालं. म्हणजे आता तो येणार नाही. कशाला येईल? परवीनच्या तोंडून निघून गेलं –

“रबर राहिलंय. सोमवारी लावते. सोमवारी या.”

“तवर असा चालंल का?”

नाही म्हणायला हवं होतं. एक शब्द. पण मग तो क्लॅम्प इथंच ठेवून गेला असता, कुणाच्यातरी हाती मागवला असता…

“दोन दिवस चालंल की,” ती म्हणाली. “पण सोमवारी नक्की या.”

“नक्की,” तो म्हणाला, आणि जाताना दोनदा मागं वळून हसला.

सोमवारी सकाळपासून रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या जात होत्या, गाणी वाजवत, डुलत डुलत. प्रत्येक मोटारसायकलच्या आवाजाला परवीनची मान वळत होती. दुपार झाली. संध्याकाळ झाली. तो आला नाही. मंगळवारीही नाही. आधी तिला राग आला, मग स्वतःचीच लाज वाटली. फोन करावा का? काय म्हणून करायचा… रबराबद्दल?

बुधवारी लासुर्ण्याच्या शाळेतल्या सुप्रियाबाईंचा फोन आला. दुसऱ्या खिडकीचं ग्रिल कधी बसवणार विचारायला. बोलता बोलता बाई म्हणाल्या, “आमच्याकडं तर सगळाच गोंधळ चाललाय बघ. पेंटर पडला ना शिडीवरून सोमवारी.”

परवीननं हातातला पाना खाली ठेवला.

“कसा… कसा पडला?”

“काय माहीत बाई. वर्गात होते मी. धाडकन आवाज आला. इंदापूरला सरकारी दवाखान्यात नेलाय. मुलं घाबरून गेली होती नुसती…”

पुढचं तिला ऐकूच आलं नाही. हैदरचा फोन लावला. बंद. परत लावला. बंद. तिनं ड्रॉवर उघडला, रबराचा तुकडा मुठीत घेतला आणि चप्पल अडकवली.

“अब्बा, जाऊन येते.”

“कुठं?”

“आल्यावर सांगते.”

एसटी मिळाली, पण ती चालत होती की उभी होती तेच कळेना. भवानीनगरला साखर कारखान्यापुढं उसाच्या गाड्यांची रांग लागलेली, मळीचा गोड-आंबट वास खिडकीतून आत येत होता. जंक्शनच्या थांब्यावर चारजण चढले, दोघं उतरले, कंडक्टर कुणाशीतरी सुट्ट्या पैशांवरून वाद घालत बसला. चला ना… चला ना लवकर! डोक्यावर पडला असेल का? पाठ? बोलतो तरी का? आणि समजा बोलला, आणि म्हणाला, तुमचा क्लॅम्प सरकला म्हणून पडलो, तर? तर काय सांगायचं? रबर नव्हतं म्हणून? होतं की. मुठीत घामानं भिजून बसलं होतं.

निमगाव केतकी गेलं. पानमळे गेले. इंदापूरच्या स्टँडवर उतरून ती थेट दवाखान्याकडं निघाली.

दवाखान्याच्या व्हरांड्यात एक बाई मांडीवर डबा धरून बसल्या होत्या. डोळे थेट हैदरचे. परवीननं ओळखलंच.

“हैदर… हितंच हायत का?”

“हितंच हाय. मी त्याची आई, ताजबी.” त्यांनी तिच्याकडं नीट पाहिलं. “तू कोण ग पोरी? अन् चेहरा असा पांढरा का पडलाय?”

“मी बारामतीची परवीन. त्यो शिडीचा क्लॅम्प… मी केला होता.”

“आगंबाई, तूच व्हय ती!” ताजबी एवढंच म्हणाल्या. बोलण्यात राग होता की आणखी काही, ते तिला कळलं नाही. “जा आत. जागा हाय त्यो.”

तो जिवंत होता. उशीला टेकून बसला होता, कपाळावर पट्टी, आणि उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये. उजवा हात! ज्या हातानं तो ब्रश धरायचा तो. परवीन दारातच थबकली.

तिला बघून त्याचा चेहरा एकदम खुलला. “तुमी? सोमवारी यायचं राहिलं माझं… फोन बी फुटला.”

“कसे पडलात?”

“काय न्हाय हो. क्लॅम्प जरा सरकला, डबा कलंडला. धरायला गेलो अन्–”

“रबर होतं,” परवीन म्हणाली.

“काय?”

“रबर होतं माझ्याकडं. शनिवारीच. कापून ठेवलं होतं.” तिनं मूठ उघडली. “लावलं न्हाय मी. लावलं असतं तर… तुमी परत आला नसता. म्हणून राहिलंय म्हणले. तसा चालंल म्हणले. चालत न्हाय, माहीत होतं मला. माझ्यामुळं पडलात तुमी.”

हैदरनं त्या तुकड्याकडं पाहिलं. मग तिच्याकडं. त्याचं हसू हळूहळू ओसरलं आणि त्यानं तोंड भिंतीकडं फिरवलं. पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा कण्हत कुशीवर वळला.

“हा हात गेला असता तर?” तो भिंतीकडं बघतच म्हणाला. “दुसरं काय येत न्हाय मला.”

“डॉक्टर काय म्हणले?” तिनं कसंबसं विचारलं.

“दीड महिन्यानं प्लास्टर काढत्यात. बोटं हालत्यात म्हणले. व्हईल नीट.”

“अल्ला…” तिच्या डोळ्यांतून पाणी आलं ते तिला आवरेना. “येते मी. तुमी माफ करा असं म्हणायला बी तोंड न्हाय मला.”

ती वळली.

“परवीन.”

नुसतं नाव घेऊन त्यानं कधी हाक मारली नव्हती.

“रबर न्हाय म्हणून मी सोमवारी येणार होतो,” तो म्हणाला. “अन् रबर असतं तर?”

“तर कशाला आला असता…”

“तर रविवारीच आलो असतो. सोमवारपर्यंत कोण थांबतंय?”

ती तशीच उभी राहिली. रडावं की हसावं, दोन्ही एकदम यायला लागलं.

“अन् खरं सांगू? सकाळपासून सरकत होता त्यो,” हैदर म्हणाला. आता त्याचे कान लाल झाले होते. “मला कळत होतं. उतरून तारेनं डबा बांधायला पाहिजे होता. पण तू केलेला हाय म्हणून… दर खेपेला नुसता आवळत राहिलो. गुन्हा दोघांचा धर.”

‘तू’ म्हणाला होता तो. दोघांच्याही ते एकाच वेळी लक्षात आलं.

“रागावला न्हाय?” तिनं हळूच विचारलं.

“रागावलोय की. चांगला रागावलोय.” त्यानं डावा हात चादरीवर पुढं सरकवला, अगदी थोडासा. “पण जाऊ नगंस.”

परवीन स्टुलावर बसली. त्याच्या बोटांवर आपली बोटं तिनं जेमतेम टेकवली. हलकेच… पण दोघांनीही हात मागं घेतला नाही.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. अब्बा! हात झटकन मागं आला, फोन स्टुलाखाली पडला, आणि तो उचलला दारातून आत आलेल्या ताजबींनी. कुठलं बटण दाबलं कुणास ठाऊक, अब्बांचा आवाज सगळ्या खोलीत घुमला –

“परवीन, कुठं हाईस तू? जेवलीस का?”

“भाईजान, मी इंदापूरवरनं हैदरची आई बोलतीया,” ताजबी ठसक्यात म्हणाल्या. “पोरगी माझ्याजवळ हाय, काळजी करू नका. जेवूनच पाठवते. अन् या रविवारी आमी येतोय तुमच्याकडं.”

“ग्रिलचं काम हाय का?”

ताजबींनी एकदा लेकाकडं पाहिलं, एकदा परवीनकडं. परवीनची मान खाली गेली, पण तिनं नको म्हणून हलवली नाही.

“न्हाय भाईजान. ग्रिलचं न्हाय.”

पलीकडून अब्बांच्या खोकल्याचा आवाज आला. अब्बा रागावले असतील, न सांगता आले, परक्या माणसांत सापडले… तिनं ओढणीचं टोक घट्ट धरलं.

“या की,” अखेर अब्बांचा आवाज आला. “अन् पोराला घेऊन या. दोन दिवस पोरगी कामधंदा सोडून रस्त्यावर कुणाला बघत होती, जरा मला बी नीट बघू द्या.”

हैदरनं डोळे गच्च मिटून झोपेचं सोंग घेतलं होतं. पण ओठांवरचं हसू काही त्याला लपवता येत नव्हतं.

“उठ रे,” ताजबी डब्याचं झाकण उघडत म्हणाल्या. “उजवा हात बांधलाय तुझा. कोण भरवणार हाय, ते दोघं ठरवा.”