टाकून दिलेले सत्तावीस

पडद्याच्या डाव्या बाजूला तेरा तक्ते. त्यांतल्या ‘दाते’ या तक्त्यात सहाशे तेरा ओळी. आकडेवालीने मोजणी पुन्हा चालवली. सहाशे तेराच.

दुर्मिळ रक्तगटाचे सत्तावीस दाते त्यांत नव्हते.

आकडेवाली म्हणजे रक्तपेढीतली नवी मुलगी; माहितीसाठा तीच सांभाळायची. तिने काल कारकून आप्पांना डेटाबेसचं नवं साधन शिकवलं होतं. आप्पांची सून वरच्या वॉर्डात होती, तिला तेच रक्त लागणार होतं. म्हणून दुसऱ्या केंद्राने पाठवलेली सत्तावीस नावं आप्पा स्वतः भरायला बसले होते.

“हिमोग्लोबिन पाचवर आलंय,” डॉक्टर दारातूनच म्हणाले. “सातच्या वर गेल्याशिवाय मी चाकू लावणार नाही. ही सरळ चोरी आहे. तो भांडून गेलेला संगणकवाला! त्याचा पासवर्ड अजून चालतो ना?”

“चालतो. पण तो आत आलेला नाही.” ती वळली. “आप्पा, काल नेमकं काय केलंत?”

“तू दाखवलंस तस्संच. जोडणी केली, तक्ता उघडला, फाईल आत घेतली. सगळ्या ओळी दिसल्या मला, आईशपथ!”

“मग?”

“मग काय, टाकून दिलं सगळं आणि खिडकी बंद केली. फाईलही पुसली. काम झाल्यावर कचरा कशाला?”

“टाकलं, तर गेलं कुठे?” डॉक्टर खेकसले. “जमिनीने गिळलं?”

तिने ओळींचे क्रमांक पाहिले. सहाशे बारानंतर थेट सहाशे चाळीस. तो आज सकाळी आलेला दाता. मग तिने एक खोटी ओळ भरली आणि खिडकी बंद करायला गेली. पडद्यावर प्रश्न उमटला. तो वाचून ती आप्पांकडे वळली.

“चोर नाहीच,” ती म्हणाली. “कुणी ओळी पुसल्या असत्या तर पुसल्याची खूण राहिली असती. ती नाही. पण मधले सत्तावीस क्रमांक खर्च झालेत. म्हणजे नावं आत आली, कायम मात्र झाली नाहीत. आपण ‘जतन’ म्हणेपर्यंत हे साधन काहीच पक्कं करत नाही. बंद करताना विचारतं, ‘जतन न केलेले बदल टाकून द्यायचे का?’ तुम्ही काय दाबलंत, आप्पा?”

“‘हो’! टाकायचेच तर होते!”

“तुमचं टाकणं म्हणजे भरणं. त्याचं टाकणं म्हणजे फेकणं.”

आप्पा मटकन खाली बसले. “म्हणजे मीच गं... माझ्याच हाताने...”

“नंतर रडा! केंद्राचा नंबर द्या. सकाळपासून आपण चोर शोधतोय, फाईल परत मागायचं कुणालाच सुचलं नाही.”

फाईल आली. बहुतेक फोन बंद. एकजण परगावी. एकाने ऐकूनही घेतलं नाही. एक शिक्षिका वर्ग सोडून निघाली, आणि एक ट्रकवाला वाटेतूनच वळला.

त्या दोघांच्या रक्ताची दुसरी पिशवी संपल्यावर सुनेचा नमुना तपासणीच्या यंत्रात लावला. आप्पा यंत्रापासून तोंड फिरवून उभे होते. आकडा आकडेवालीने वाचला.

सात पूर्णांक एक.